कामगार भरपाई विमा: दहापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखानदाराने पॉलिसी घेताना काय पाहावे?

प्रश्न — लघुउद्योजक

नमस्कार. माझे पत्र्याचे सुटे भाग तयार करणारे लहान वर्कशॉप आहे. दोन पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन आणि वेल्डिंगचे दोन सेट आहेत. कायम कामगार सात असून त्यांत दोन प्रेस ऑपरेटर, दोन वेल्डर, एक फिटर आणि दोन हेल्पर आहेत. याशिवाय मालाच्या चढउतारासाठी एक ठेकेदार गरजेप्रमाणे तीन-चार माणसे पाठवतो. कामगार दहापेक्षा कमी असल्यामुळे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) योजना आम्हाला लागू नाही, असे मी आजवर धरून चाललो आहे.

काही दिवसांपूर्वी शेजारच्या एका कारखान्यात प्रेस ऑपरेटरची दोन बोटे गेली. मालकाने रुग्णालयाचा सगळा खर्च केला, वर काही रक्कम हातात दिली आणि ‘यापुढे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही’ असे मुद्रांकावर लिहूनही घेतले. तरीही त्यांना भरपाई आयुक्तांची, म्हणजे असे दावे ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची, नोटीस आली. तेव्हापासून माझ्या मनात हा विषय घोळतो आहे. एका एजंटने मला समूह अपघात विमा सुचवला, तर दुसऱ्याचे म्हणणे असे की डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, म्हणजे कामगार भरपाई) पॉलिसीच हवी. या दोन्हींत फरक काय, मालक म्हणून माझी जबाबदारी नेमकी कुठवर जाते, रकमेचा हिशेब कसा होतो आणि ठेकेदाराची माणसे कोणाच्या खात्यावर धरली जातात, हे कोणी सविस्तर समजावून सांगितले तर आभारी राहीन. कामगाराला काही झाले तर त्याच्या घरी वेळेवर पैसा पोहोचावा आणि माझा कारखानाही बंद पडू नये, एवढाच हेतू आहे.

उत्तर — विमा सल्लागार

आपण प्रश्न योग्य वेळी विचारला आहे. बहुतेक लोक पॉलिसीपासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात जबाबदारीपासून करावी, कारण विमा असो वा नसो, जबाबदारी मालकावर आहेच. कामगार भरपाईचा कायदा 1923 चा; तो 1 जुलै 1924 पासून अमलात आला आणि 2010 पासून त्याचे नाव कर्मचारी भरपाई अधिनियम झाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाल्यामुळे हा विषय आता त्या संहितेच्या सातव्या प्रकरणात गेला आहे, मात्र हिशेबाची मूळ रचना तीच आहे. कामामुळे आणि काम चालू असताना झालेल्या अपघातात कामगाराला इजा झाली, तर मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही; भरपाई द्यावी लागते. डब्ल्यूसी पॉलिसी ही जबाबदारी रद्द करत नाही, तिचा आर्थिक भार विमा कंपनीकडे सोपवते.

आता हिशेब. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या 50 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे, आणि कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास 60 टक्के रकमेला. वय जितके कमी तितका गुणक मोठा, कारण त्या माणसाची कमाईची वर्षे अधिक उरलेली असतात: पंचविसाव्या वर्षी 216.91, पस्तिसाव्या वर्षी 197.06, पन्नासाव्या वर्षी 153.09. वेतन प्रत्यक्षात कितीही असले तरी हिशेबासाठी दरमहा 15,000 रुपयांपर्यंतच धरले जाते. ही मर्यादा 3 जानेवारी 2020 पासूनची आहे, त्यापूर्वी ती 8,000 रुपये होती. जुन्या कायद्यात मृत्यूसाठी 1,20,000 आणि संपूर्ण अपंगत्वासाठी 1,40,000 रुपये अशी किमान रक्कमही होती, पण आजच्या वेतनावर हिशेब केला तर आकडा त्याच्या पुष्कळ वर जातो.

आपल्या प्रेस ऑपरेटरचे वय 35 आणि पगार 18,000 रुपये आहे असे समजू. हिशेबात वेतन 15,000 धरले जाईल. दुर्दैवाने मृत्यू झाला तर 7,500 गुणिले 197.06, म्हणजे 14,77,950 रुपये. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर 9,000 गुणिले 197.06, म्हणजे 17,73,540 रुपये. मृत्यूपेक्षा संपूर्ण अपंगत्वाची रक्कम मोठी का, असे पुष्कळजण विचारतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा स्वतःचा खर्च संपत नाही आणि घरचे कोणीतरी त्याच्यापाशी अडकून पडते, एवढे लक्षात घेतले की ही रचना न्याय्य वाटते.

अंशतः अपंगत्व असेल तर कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक इजेपुढे कमाईची क्षमता किती टक्के घटली ते दिलेले आहे. एका हाताचा अंगठा गेला तर 30 टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर 14 टक्के, एका हाताची दोन बोटे गेली तर 20 टक्के, चारही बोटे गेली तर 50 टक्के. शेजारच्या कारखान्यातील इजेसारखी इजा वरच्या उदाहरणातील कामगाराला झाली, तर 17,73,540 च्या 20 टक्के, म्हणजे 3,54,708 रुपये होतात. ही टक्केवारी मात्र नेहमीच अंतिम नसते. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. अनुसूचीप्रमाणे ते अंशतः अपंगत्व ठरले असते, पण एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही म्हणून त्याला संपूर्ण अपंगत्वाची भरपाई मिळाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती 1970च्या दशकात कायम केली. इजा शरीराला किती झाली याबरोबरच त्या माणसाचे काम कोणते होते, हेही पाहिले जाते.

तात्पुरते अपंगत्व असल्यास दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत द्यावी लागते. तीन दिवसांच्या आत बरी होणारी इजा यात येत नाही. अपंगत्व 28 दिवस किंवा अधिक टिकले तर पहिल्या दिवसापासून हिशेब होतो. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरून देणे ही 2010 पासून मालकाची वेगळी जबाबदारी आहे. म्हणजे रुग्णालयाचे बिल भरले की भरपाई दिली असे होत नाही. ही दोन स्वतंत्र देणी आहेत.

समूह अपघात विम्याबद्दल. ती पॉलिसी वाईट नाही. कामगार घरी असताना किंवा सुट्टीत प्रवासात असताना अपघात झाला तरी ती उपयोगी पडते, आणि डब्ल्यूसी पॉलिसी तिथे उपयोगी पडत नाही. पण तिची रक्कम आपण निवडलेली असते, कायद्याने ठरवलेली नव्हे. पाच लाखांची अपघात पॉलिसी घेतली आणि कायद्याने देणे पंधरा लाखांचे निघाले, तर ती पॉलिसी आपले कायदेशीर देणे फेडते असे नाही. वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचेही तसेच आहे. प्रत्येक कामगाराने ती जरूर घ्यावी, परंतु ती त्याची स्वतःची आहे. मालकाच्या देण्यातून ती वजा होत नाही. दोहोंपैकी एकच परवडत असेल तर आधी डब्ल्यूसी पॉलिसी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रीमियम दोन गोष्टींवर ठरतो: वर्षभरात देण्याचे एकूण वेतन आणि कामाचे स्वरूप. कार्यालयात बसणाऱ्या कारकुनाचा दर आणि प्रेस ऑपरेटरचा दर यांत मोठे अंतर असते. वर्षाच्या सुरुवातीला आपण अंदाजे वेतन कळवतो आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष वेतनाप्रमाणे फरकाचा हिशेब होतो. प्रीमियम वाचवण्यासाठी ऑपरेटरला हेल्पर दाखवणे किंवा अठरा हजारांचा पगार दहा हजार लिहिणे हा प्रकार मी सतत पाहतो, आणि दाव्याच्या वेळी नेमका तोच अंगाशी येतो. कंपनी जाहीर केलेल्या वेतनाच्या प्रमाणातच दावा मंजूर करते किंवा वाद घालते, आयुक्त मात्र खऱ्या वेतनावर आदेश देतात, आणि मधला फरक मालकाच्या खिशातून जातो. जेवण, राहण्याची खोली असे काही देत असाल तर त्याची किंमतही वेतनात धरून कळवावी.

पॉलिसी हातात आली की वगळलेल्या गोष्टींचे पान आधी वाचावे. मूळ पॉलिसीत उपचाराचा खर्च, व्यवसायजन्य आजार आणि ठेकेदाराचे कामगार हे बहुतेक वेळा समाविष्ट नसतात. जादा प्रीमियम भरून ते जोडून घ्यावे लागतात. आपल्याकडे वेल्डिंग आहे, प्रेसचा आवाज आहे आणि ठेकेदाराची माणसे आहेत, तेव्हा या तिन्ही गोष्टी मागून घ्याव्यात, अशी माझी शिफारस आहे. आपण स्वतः आणि भागीदार असल्यास तो, हे मालक असल्यामुळे या पॉलिसीत येत नाहीत. आपणही मशीनवर उभे राहत असाल तर स्वतःसाठी व्यक्तिगत अपघात विमा वेगळा घ्यावा.

उत्तर — कामगार कायद्याचा वकील

वरील उत्तरातील हिशेब बरोबर आहे. मी प्रश्नातील दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो, कारण त्या दोन्ही गृहीतकांमुळे लहान मालक अडचणीत येतात.

पहिली गोष्ट ईएसआयची. ‘आमचे कामगार सातच आहेत’ हे आपण हजेरीपटावरून म्हणता. परंतु कारखान्याच्या आवारात, कारखान्याच्या कामासाठी ठेकेदारामार्फत आलेली माणसेही या मोजणीत धरली जाऊ शकतात. सात अधिक तीन म्हणजे दहा झाले. 1948 च्या कायद्यात कारखान्याच्या बाबतीत गेल्या बारा महिन्यांतील कोणत्याही एका दिवशी दहा माणसे कामावर असली तरी पुरे, आणि योजना एकदा लागू झाली की पुढे संख्या घटली म्हणून ती सुटत नाही. त्यामुळे आपण योजनेबाहेर आहोत हे गृहीत न धरता चढउतार करणाऱ्यांच्या हजेरीसह ही मोजणी एखाद्या जाणकाराकडून करून घ्यावी. योजना लागू असेल तर मालकाचे अंशदान वेतनाच्या 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के आहे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला विमाधारक कामगार अपघाताचे लाभ तिथूनच घेतो आणि त्याच इजेसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागू शकत नाही. त्याहून अधिक वेतन घेणारा फोरमन किंवा कुशल कारागीर मात्र त्या योजनेबाहेर राहतो आणि त्याच्यासाठी मालकाची भरपाईची जबाबदारी कायम असते. अशा कारखान्यालाही त्या मोजक्या माणसांपुरती डब्ल्यूसी पॉलिसी लागतेच.

दुसरी गोष्ट मुद्रांकावरच्या लिखाणाची. शेजारच्या मालकाला नोटीस का आली, याचे उत्तर यातच आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार कायद्याने निरर्थक ठरतो. त्यावर साक्षीदारांच्या कितीही सह्या असल्या तरी फरक पडत नाही. इस्पितळात पडलेल्या, उद्याच्या पगाराची खात्री नसलेल्या माणसाने केलेली सही खरी संमती नसते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम थेट वारसांच्या हाती देऊन चालतच नाही. ती आयुक्तांकडे, आणि आता संहितेनुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. मग ते अवलंबितांमध्ये तिची वाटणी करतात. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम वारसांना देण्याची मुभा 1923 च्या कायद्यात होती. त्यापलीकडे परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरले जात नाहीत आणि मालकाला तीच रक्कम दुसऱ्यांदा भरण्याची वेळ येते. कोण सून, कोण आई, कोण अल्पवयीन मूल, कोणाचा वाटा किती, हे ठरवण्याचे काम मालकाने आपल्या अंगावर घेऊ नये; सद्भावनेने घेतले तरी घेऊ नये.

वेळेचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, आदेशाच्या दिवशी नव्हे. 1923 च्या कायद्याप्रमाणे एक महिन्याच्या आत ती दिली नाही तर दरसाल 12 टक्के व्याज लागते, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड विमा कंपनी भरत नाही. व्याजाबद्दल पुष्कळांचा गोंधळ होतो. 1997 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्याज कंपनीवर टाकले होते, पण ते प्रकरण मोटार विम्याचे होते. आपली पॉलिसी स्वेच्छेची आहे, आणि अशा पॉलिसीत व्याजाची जबाबदारी कराराने वगळता येते, असे त्याच न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले आहे. म्हणून पॉलिसीत व्याजाबाबत काय लिहिले आहे ते पाहावे. दावा कंपनीकडे पाठवला म्हणून हातावर हात ठेवून बसू नये. भरपाई किती द्यायची यावर वाद असेल तर निदान जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी तात्पुरती भरावी. कायद्याची अपेक्षाही तीच आहे.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्या व्यवसायाचा नेहमीचा भाग असलेले काम आपण आपल्या आवारात ठेकेदाराकडून करून घेत असाल, तर जखमी कामगार थेट आपल्याकडे भरपाई मागू शकतो. आपण ती द्यायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची, असा क्रम आहे. ठेकेदारापाशी पॉलिसी नसेल आणि मालमत्ताही नसेल तर ही वसुली कागदावरच राहते. त्यामुळे त्याच्या पॉलिसीची प्रत घेतल्याशिवाय माणसे आत घेऊ नयेत, आणि त्या प्रतीवर मुदत, माणसांची संख्या व कामाचे वर्णन तपासावे. ‘दोन दिवसांसाठी आलेला रोजंदारीवाला’ हा बचावही आता उपलब्ध नाही. नैमित्तिक कामगारांना वगळणारे शब्द 2000 साली कायद्यातून काढून टाकण्यात आले.

आणखी एक कर्तव्य अनेकांच्या गावीही नसते. कामावर घेताना कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावी लागते. 2017 च्या दुरुस्तीने हे बंधन आले आणि ते न पाळल्यास 50,000 ते 1,00,000 रुपये दंडाची तरतूद झाली. आपले कामगार परप्रांतीय असतील तर कागद त्यांच्या भाषेत करून घ्यावा आणि पोच ठेवावी.

उत्तर — प्रेसशॉप चालवणारा एक कारखानदार

वरच्या दोन्ही उत्तरांत कायद्याची बाजू पूर्ण आली आहे. मी शॉप फ्लोअरवरचे सांगतो, कारण दावा मंजूर होतो तो तिथल्या कागदांवर.

आमच्याकडे एका हेल्परच्या बोटाला इजा झाली तेव्हा सर्व्हेअरने (विमा कंपनीतर्फे नुकसानीची पाहणी करणाऱ्याने) पहिल्याच भेटीत हजेरीपट, मागच्या काही महिन्यांची पगारपत्रके, बँकेतून पगार जमा झाल्याचा पुरावा, वयाचा दाखला आणि रुग्णालयाचे कागद मागितले. वयाच्या एका वर्षाने गुणक बदलतो, म्हणून आधार कार्डावरील जन्मतारीख आणि आमच्या नोंदवहीतील जन्मतारीख जुळते का, हेही त्यांनी पाहिले. आमचे पगार बँकेतूनच जात असल्यामुळे वेतनाबद्दल वाद उद्भवला नाही. निम्मा पगार बँकेत आणि निम्मा रोख, अशी पद्धत ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती पॉलिसी घेण्याआधी बंद करावी. त्यात कामगाराचे नुकसान आहे आणि मालकाचेही.

अपघाताच्या दिवशी पहिले काम उपचाराचे. त्याच दिवशी विमा कंपनीला ई-मेलने कळवावे आणि अपघाताच्या नोंदवहीत वेळ, मशीन, पाहणाऱ्यांची नावे लिहावीत. मशीनचा फोटो आहे त्या स्थितीत काढावा. मृत्यू किंवा गंभीर इजा असल्यास सात दिवसांच्या आत भरपाईच्या प्राधिकाऱ्यांकडे अहवाल द्यावा लागतो, आणि कारखाना निरीक्षकांकडे देण्याची सूचना त्याहून निराळी असते.

आता मशीनच्या गार्डविषयी, म्हणजे सुरक्षेच्या साधनांविषयी, कारण आपल्याकडे दोन प्रेस आहेत. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणे असतात ती दोन्ही हात डायपासून (पत्रा दाबणाऱ्या साच्यापासून) दूर राहावेत म्हणून. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एका बटणाला चिकटपट्टी लावून ते कायमचे दाबलेले ठेवतात, म्हणजे एक हात माल सरकवायला मोकळा होतो आणि तासाला जास्त नग निघतात. अपघातानंतर मालक म्हणतो, ‘पट्टी त्यानेच लावली.’ कामगाराने सुरक्षेचे साधन हेतुपुरस्सर काढले तर भरपाई नाकारता येते, असे कायद्यात आहे हे खरे. पण मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर हा बचाव चालत नाही, आणि इतर इजांमध्येही ती पट्टी महिनोन्महिने सुपरवायझरच्या डोळ्यांसमोर होती असे दिसले तर कोणी ऐकून घेत नाही. आमच्याकडे पाळी सुरू होताना सुपरवायझर दोन्ही बटणे स्वतः दाबून पाहतो आणि प्रेसला लावलेल्या तक्त्यावर सही करतो. एक मिनिटही लागत नाही. डाय बदलताना मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचे आणि किल्ली डाय बसवणाऱ्याच्याच खिशात ठेवायची, हा नियम आम्ही कोणासाठीही मोडत नाही. विम्याने पैसे मिळतात. बोट परत येत नाही, आणि प्रेसवर काम केलेल्या माणसाला दुसरे काम सहजी मिळत नाही.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न — लघुउद्योजक

आपणा तिघांचा मनापासून आभारी आहे. ईएसआयच्या मोजणीचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. ठेकेदाराच्या माणसांची हजेरी काढून ती तपासणी या आठवड्यातच करून घेतो. दोन शंका उरल्या आहेत. माझा एक वेल्डर रोज मोटरसायकलने लांबून येतो आणि रात्रपाळी करून परत जातो. वाटेत अपघात झाला तर तो कामाचा अपघात धरला जातो का? आणि दिवाळीपूर्वी ऑर्डर वाढल्या की मी दोन-तीन माणसे तात्पुरती घेतो. त्यांच्यासाठी पॉलिसी नव्याने काढावी लागेल का?

उत्तर — कामगार कायद्याचा वकील

पहिल्या शंकेचे उत्तर अलीकडे बदलले आहे. पूर्वी सर्वसाधारण समज असा होता की कामाची हद्द कारखान्याच्या फाटकाशी संपते, आणि वाटेतला अपघात अपवादानेच कामाचा धरला जाई. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात निराळी भूमिका घेतली. तो पहाटेच्या पाळीसाठी मोटरसायकलने निघाला होता आणि कामाच्या ठिकाणापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे अपघातात मरण पावला. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर घर ते कामाचे ठिकाण हा प्रवासही नोकरीच्या ओघातच येतो, असे न्यायालयाने म्हटले. आता संहितेतही कामावर जाता-येता होणाऱ्या अपघाताला त्याच अटीवर भरपाईच्या कक्षेत घेतले आहे. आपला वेल्डर पाळी संपवून नेहमीच्या रस्त्याने घरी जात असेल तर संबंध जुळतो. वाट सोडून दुसऱ्या गावी लग्नाला जात असेल तर जुळत नाही. रात्रपाळीच्या नोंदीत येण्याची आणि जाण्याची वेळ अचूक असावी, कारण अशा प्रकरणांत तीच नोंद निर्णायक ठरते. तो अपघात दुसऱ्या वाहनाच्या चुकीने झाला असेल तर वारसांपुढे मोटार अपघात न्यायाधिकरणाचाही मार्ग असतो, पण एकाच अपघातासाठी दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. एकच मार्ग निवडावा लागतो.

उत्तर — विमा सल्लागार

वकीलसाहेबांनी सांगितलेल्या बदलाला धरून एक काम आपण लगेच करावे. आपल्या पॉलिसीत जुन्या कायद्याचेच नाव आहे की नव्या संहितेचाही उल्लेख आहे, हे विमा कंपनीला लेखी विचारावे आणि प्रवासातील अपघाताबाबतचे उत्तरही लेखीच घ्यावे. एजंटने फोनवर दिलेले आश्वासन दाव्याच्या वेळी पुरावा ठरत नाही.

तात्पुरत्या माणसांसाठी नवी पॉलिसी काढण्याची गरज नाही. पॉलिसी नावानिशी घेतलेली असेल तर त्यांची नावे, काम आणि वेतन कळवून पृष्ठांकन (चालू पॉलिसीत बदलाची अधिकृत नोंद) करून घ्यावे, आणि ते त्यांनी कामाला हात लावण्यापूर्वी व्हावे. पॉलिसी नावांशिवाय, केवळ कामाचा प्रकार आणि संख्या यांवर घेतलेली असेल तर आधी जाहीर केलेली संख्या ओलांडली जाते का ते पाहावे. ओलांडली जात असेल तर वाढीव संख्या आणि वाढीव वेतन कळवून फरकाचा प्रीमियम भरावा. आपल्यासारख्या, माणसे हंगामानुसार कमी-जास्त होणाऱ्या कारखान्याला मी नावांशिवायची पॉलिसीच सुचवतो, आणि तीत सुरुवातीलाच सणापूर्वीच्या महिन्यांची सर्वाधिक संख्या लिहायला सांगतो. वर्षअखेरीस प्रत्यक्ष वेतन कमी निघाले तर अटींप्रमाणे फरक परत मिळू शकतो. मधल्या काळात एखादा माणूस जाहीर संख्येबाहेर राहिला आणि नेमका त्यालाच अपघात झाला, तर ती उणीव मागाहून भरून काढता येत नाही. हेल्पर म्हणून घेतलेल्या तात्पुरत्या माणसाला गर्दीच्या दिवसांत प्रेसवर उभे करणार असाल, तर त्याचे काम पॉलिसीत प्रेस ऑपरेटर असेच लिहावे.